एक स्टिअरिंग, पाच ड्रायव्हर

मराठी माणसाला गाडी चालवता येवो न येवो, गाडीबद्दल मत असतंच. लायसन्ससाठी आरटीओत जावं लागतं, मताला तशी अट नाही. ज्याच्याकडे सायकल आहे तो सांगतो, "घ्यायची तर डिझेलच घ्या." ज्याच्याकडे काहीच नाही तो रीसेल व्हॅल्यू समजावतो. आणि ज्याच्या दारात तीन गाड्या उभ्या आहेत तो म्हणतो, "पुण्यात गाडी ठेवूच नये हो, रिक्षा परवडते."

आम्ही विजेवरची गाडी घेतली तेव्हा ही सगळी मतं घरपोच आली. वॉचमन म्हणाला, "साहेब, पावसात जपून. शॉक बसतो." सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये चार्जर बसवायला आपली काहीच हरकत नसल्याचं सांगितलं आणि मग पाऊण तास हरकती सांगितल्या. ऑफिसातल्या एकाने बॅटरी बदलायचा खर्च अशा सुरात ऐकवला की मला वाटलं, येत्या गुरुवारीच बदलायची आहे. बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, असं मी म्हणून पाहिलं. "वॉरंटीचं काय घेऊन बसलात, कागद असतो तो," तो म्हणाला. हा गृहस्थ जोडधंदा म्हणून विमा विकतो.

माझं स्वतःचंही एक मत आहे. गेल्या चाळीस वर्षांत ड्रायव्हरचं काम हप्त्याहप्त्याने कमी होत गेलं. पद्मिनी गाडीच्या जमान्यात थंडीच्या सकाळी चोक ओढावा लागे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असे, आणि काच खाली करायला हँडल गरागरा फिरवावं लागे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि गाडी किल्लीसरशी सुरू होते यावर लोकांचा विश्वास बसला. मग पॉवर स्टिअरिंग आलं, काचांना बटणं आली, क्लच गेला, शेवटी किल्लीही गेली. पण काम कमी झालं म्हणून गाडीत शांतता नांदू लागली असं काही झालं नाही. ड्रायव्हर घाम गाळत गिअर बदलत होता, तोवर त्याच्याशी बोलायला लोक जरा बिचकत. आता तो नुसताच बसलेला दिसतो. बसलेल्या माणसाला काहीही सांगता येतं.

याचा सविस्तर अनुभव श्रावणात आला. चिपळूणजवळ बायकोच्या माहेरी सत्यनारायणाची पूजा होती. पुण्याहून आम्ही तिघं आणि बरोबर तिचे काका-काकू. काका म्हणजे अण्णा. एसटीतून निवृत्त ड्रायव्हर. पंचवीस वर्षांच्या विनाअपघात सेवेबद्दल मिळालेला बिल्ला अजून त्यांच्या कपाटात आहे आणि बोलण्यात रोज आहे. ते अर्थातच पुढे बसले. मागे काकू, बायको आणि अकरावीतली कन्या. कन्येने गाडीचं मॅन्युअल वाचलेलं आहे. घरात ते वाचलेली ती एकटीच, त्यामुळे तिचं मत हे मत नसून निकाल असतो.

रस्ता कुठला घ्यायचा, हे मी ठरवणार नव्हतोच. "ताम्हिणी नको," अण्णा म्हणाले, "पावसाळ्यात तिथे पोरं धबधब्यात कमी आणि रस्त्यात जास्त असतात. सरळ सातारा, उंब्रजला आत वळा, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण." हे सांगताना त्यांनी मॅपकडे पाहिलंसुद्धा नाही. मॅपनेही तोच रस्ता दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "शिकतोय हळूहळू."

कात्रजचा बोगदा मागे पडला, रस्ता जरा मोकळा झाला, आणि गाडीने दोनदा टिंग केलं.

"काय बिघडलं?" काकू.

"काही नाही, ऐंशीच्या वर गेली."

जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना हा नियमच आहे. ऐंशी ओलांडली की दर मिनिटाला गाडी आठवण करते, एकशेवीस ओलांडली की थांबतच नाही. काकूंना ही सोय फार आवडली. आजवर हे काम त्या स्वतः करत आल्या होत्या. आता दर टिंगला त्या नुसतं "ऐका" म्हणू लागल्या. अण्णांना मात्र हा अपमान वाटला. "आम्ही गाडीचा आवाज ऐकून स्पीड सांगायचो. इंजिन सांगतं की." मग जरा कान देऊन बसले. "याचं इंजिन काहीच सांगत नाही."

"इंजिन नाहीच आहे, आजोबा."

"तेच म्हणतो मी."

पुढच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जाईना. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गावर फास्टॅग सक्तीचा झाला, तो नाक्यावर थांबावं लागू नये म्हणून. इथे आडवा दांडा काही उठेना. मग हातात यंत्र घेतलेला एक मुलगा आला, त्याने काचेपाशी यंत्र धरलं, काच हाताने पुसली, पुन्हा धरलं, आणि म्हणाला, "जरा मागे घ्या." मागे एक ट्रक, त्याच्या मागे आणखी एक. मी मागे पाहायच्या आत गाडीने स्वतःच किंचाळून मागे ट्रक असल्याचं कळवलं. अण्णांनी काच खाली केली, हात बाहेर काढून ट्रकवाल्याला दोन बोटांनी काहीतरी खूण केली, आणि तो ट्रक मुकाट्याने हातभर मागे सरकला. ही खूण कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

"वार्षिक पास काढलाय ना?" बायकोने विचारलं. काढला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये हा पास सुरू झाला तेव्हा खासगी गाड्यांना ३,००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या मिळत, यातलं जे आधी संपेल ते. म्हणजे एक नाका पंधरा रुपयांना पडत होता. हा हिशेब माझ्या तोंडून गेला तो गेलाच. "पंधरा रुपयांत?" बायको म्हणाली, "मग पुढच्या महिन्यात नुसतं कंदी पेढ्यांसाठी साताऱ्याला येऊ." काकूंना वाईला जायचं होतं. कन्येला पाचगणी. दोनशे फेऱ्या कशा संपवायच्या याची यादी खंबाटकी घाटापर्यंत पुरली.

खंबाटकी चढायला लागलो तशी कन्या म्हणाली, "बाबा, अडास लाव ना."

अडास म्हणजे गाडीने ड्रायव्हरला मदत करायची यंत्रणा. पुढच्या बंपरात रडार, काचेमागे कॅमेरा. पुढच्या गाडीपासून अंतर राखायचं, पट्ट्याच्या आत राहायचं, कुणी आडवं आलं तर आपणहून ब्रेक मारायचा. ही यंत्रणा ज्या देशांत जन्मली तिथे रस्त्यावरचा पट्टा ही मर्यादा मानतात. आपल्याकडे ती सजावट आहे. खंबाटकीत तिन्ही पट्ट्यांत तीन ट्रक एकमेकांना ओव्हरटेक करत होते, तिघांचाही वेग वीस.

गाडीने पुढच्या ट्रकपासून शिस्तीत अंतर सोडलं. ते अंतर दिसताच डावीकडून एक टेंपो आत शिरला. गाडी वेग कमी करून त्याच्यापासून पुन्हा अंतर सोडू लागली. त्यात दोन मोटारसायकली शिरल्या. गाडीने त्यांनाही मान दिला. "अहो," बायको म्हणाली (एरवी ती "अरे" म्हणते, अण्णा असले की "अहो"), "असंच चाललं तर घाट उतरून शिरवळला परत जाऊ."

"मोकळी जागा दिसली की माणूस शिरणारच," अण्णा म्हणाले. "यात त्याची चूक नाही. ह्याला सांगा, जागा दाखवू नकोस."

"कोणाला?"

"हा जो कोण चालवतोय त्याला."

घाटमाथ्याच्या अलीकडे एक खड्डा आला. मी स्टिअरिंग जरा उजवीकडे घेतलं, इंडिकेटर न देता, कारण खड्ड्याला इंडिकेटर द्यायची आपल्याकडे रीत नाही. पट्टा ओलांडतोय असं पाहून गाडीने स्टिअरिंग हळूच पण ठामपणे परत डावीकडे ओढलं आणि आम्हाला काळजीपूर्वक खड्ड्यात नेलं. अण्णांचा उजवा पाय मॅटवर जोरात आपटला. हे पुण्यापासून चालू होतं. त्यांच्या बाजूला पेडल नाही, पण त्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवरून हललेला नव्हता. गंमत म्हणजे तो नेमक्या क्षणी पडे, बऱ्याचदा रडारच्या आधी. मॅटवर त्या जागी चपलेच्या टाचेची एक खोलगट खूण उमटली होती.

"एसटीत असली खेळणी चालली नसती," अण्णा म्हणाले.

कन्येने लगेच मोबाईल बाहेर काढला. "आजोबा, १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली ना? १ जून २०२२ ला पहिली इलेक्ट्रिक शिवाई बस त्याच रस्त्यावर धावली."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नगर रस्ता सपाट आहे. कुंभार्लीत दाखव म्हणावं."

साताऱ्याच्या आसपास एका हॉटेलात चार्जिंगला थांबलो. पेट्रोल पंपावर दोनच शब्दांचं काम असतं: तुम्ही आकडा सांगायचा, तो "झिरो बघा" म्हणतो. इथे पत्र्याच्या शेडखाली एक हिरवं यंत्र होतं आणि आसपास कुणीच नव्हतं. यंत्रावर लिहिलं होतं, अ‍ॅप डाउनलोड करा. केलं. मोबाईल नंबर दिला, ओटीपीची वाट पाहिली, रेंज हॉटेलच्या दाराशी असल्याने दाराशी जाऊन आलो, गाडीचा नंबर दिला, अ‍ॅपच्या पाकिटात पैसे भरले. ते पाकीट त्याच कंपनीच्या यंत्रावर चालतं. दुसऱ्या कंपनीचं यंत्र, दुसरं अ‍ॅप, दुसरं पाकीट. माझ्या खऱ्या पाकिटात जेवढे पैसे नसतील तेवढे या पाकिटांतून सुट्टे पडून आहेत. "आमच्या पोरीला शाळेत घालताना इतके कागद लागले नव्हते," काकू म्हणाल्या.

बंदुकीसारखं जाड टोक गाडीत खटकन बसलं, आकडे पळू लागले, आणि मघापर्यंत ओसाड असलेल्या शेडमध्ये पाच-सहा माणसं जमली. विजेच्या गाडीला महाराष्ट्रात तीन प्रश्न विचारतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. "एका चार्जला किती जाते?" "चार्जिंगला किती वेळ?" "बॅटरी बदलायची झाली तर?" तिसरा प्रश्न विचारताना माणूस आवाज खाली आणतो, आजाऱ्याच्या नातेवाइकाशी बोलावं तसा. उत्तर काहीही द्या, तो शेजाऱ्याकडे वळून "बघा, मी म्हटलं नव्हतं" असंच म्हणतो.

गर्दीत एक ऊसवाले शेतकरी होते. पेट्रोल गाडीवाल्या एकाने तक्रार काढली की आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं. ते बरोबरही आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमीच असते. शेतकरी शांतपणे म्हणाले, "पेट्रोल अरबाचं होतं तेव्हा कुणी अ‍ॅव्हरेज मोजत नव्हतं. आमचा ऊस आत गेला की सगळ्यांना गणित येतं." मग माझ्या गाडीकडे बघून: "आणि यांना तर आमचा ऊसही नको." सहा माणसांत मी एकटा दोन्ही बाजूंना नकोसा झालो.

ऐंशी टक्के झाले तसा मी प्लग काढायला उठलो, तर सगळे ओरडले, "अहो, फुल्ल करून घ्या! पुढे घाट आहे!" ऐंशीनंतर बॅटरी जपण्यासाठी करंट कमी होत जातो, आधीच्या साठ टक्क्यांना लागतो जवळजवळ तेवढाच वेळ शेवटच्या वीसला लागू शकतो, हे मी समजावलं. कुणालाही पटलं नाही. ऐंशी टक्क्यांवर उठायचं हे आपल्याला मिसळीच्या ताटावरून जमत नाही, तर गाडीला कसं जमावं?

उंब्रजला वळल्यावर मॅपला वाटलं की आमची चार मिनिटं वाचवावीत. मॅपमधल्या बाईंनी मोठ्या रस्त्यावरून डावीकडे वळवलं, मग उजवीकडे, मग आणखी अरुंद उजवीकडे. शेवटी एक बोळ आला. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला कुणाचीतरी भांडी घासायची जागा, समोर पार. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर न करता विचारलं, "मॅपवाले का?"

"हो. पाटणला जायचंय."

"मागं घ्या, हमरस्त्यानं जावा. कालपण तिघं आल्ते." त्याचा सूर एकूण असा होता की मॅप हा गावातलाच कुणी द्वाड पोरगा असून त्याचे उद्योग निस्तरणं त्यांच्या वाट्याला आलं आहे. गाडीच्या चारी बाजूंच्या कॅमेऱ्यांनी वरून दिसणारं चित्र पडद्यावर आणलं. त्यात आम्ही, गोठा, भांडी आणि एक कोंबडी स्पष्ट दिसत होती. अण्णांनी त्या चित्राकडे पाठ केली, खाली उतरले, मागे उभे राहिले आणि "येऊ द्या, येऊ द्या, बास" करत गाडी बाहेर काढली. कन्येच्या मते गाडी कॅमेऱ्यामुळे निघाली. काकूंच्या मते सत्यनारायणामुळे.

सनरूफबद्दल थोडक्यात सांगतो. बायकोच्या हट्टाने घेतलं. उन्हात ते ऊन येतं म्हणून बंद असतं, पावसात पाऊस येतो म्हणून, आणि एरवी धूळ. पाटणच्या पुढे पाच मिनिटं उघडीप मिळाली तेव्हा ते उघडलं. लगेच झाडावरचं साठलेलं पाणी काकूंच्या चिवड्यात पडलं. आता ते पुन्हा बंद आहे.

कोयनानगर मागे पडलं आणि धुकं सुरू झालं. आधी पांढरट, मग असं दाट की बॉनेटचं टोक दिसेना. नेमक्या त्याच वेळी पडद्यावर सूचना आली: कॅमेऱ्याला दिसत नसल्याने साहाय्य यंत्रणा तात्पुरती बंद.

"म्हणजे?" अण्णा.

"धुक्यात याला दिसत नाही."

"आणि उन्हात सगळं दाखवत होता!" अण्णा खुर्चीत सरळ झाले. पुण्यापासून प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. "असे ड्रायव्हर आमच्या डेपोतपण होते. कुंभार्लीची ड्युटी लागली की सर्दी. आता मी सांगतो तसं करा जावईबापू."

मग खरा प्रवास सुरू झाला. "दिवे खालचे ठेवा, वरचे लावले की धुकंच उजळतं. वळणाला आवाज द्या. पुन्हा द्या." विजेच्या गाडीला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो, त्यामुळे हॉर्न वाजला की दरीच दचकते. ट्रकमागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला राज्य सरकारने २०१५ साली बंदी घातली, पण कुंभार्लीच्या आंधळ्या वळणाला ही सूचना न लिहिताही लागू आहे. समोरून एक एसटी वर येत होती. "थांबा. चढणाऱ्याला आधी वाट." हा नियम कायद्यातही आहे, अरुंद घाटात उतरणाऱ्याने थांबायचं. आम्ही कडेला थांबलो. एसटीच्या ड्रायव्हरने जाताना एक हात वर केला. अण्णांनी दोन केले.

उतार वाढला तसं अण्णांनी विचारलं, "गिअर कितवा?"

"याला गिअर नसतात, अण्णा."

"मग उतरायचं कसं? ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरायचं. नुसत्या ब्रेकवर उतरलात की लायनर जळतात, खाली पोचेपर्यंत वास सुटतो."

मी पाय पेडलवरून काढला. गाडी आपोआप आवरली, जणू कुणी मागून धरून ठेवलीय. अण्णांचा उजवा पाय मॅटवरून प्रथमच उचलला गेला. ते पुढे वाकले. "ब्रेक तर मारला नाहीत?"

"नाही. मोटारच उलटी काम करते. उताराचा जोर घेते आणि त्याची वीज करून बॅटरीत घालते."

पडद्यावर टक्के दिसत होते. वळण, आवाज, वळण, आवाज, आणि एक टक्का वाढला. खाली पोफळीच्या जवळ आलो तोवर आणखी एक, मग तिसरा चढता चढता राहिला. अण्णा त्या आकड्याकडे एकटक पाहत होते. अ‍ॅव्हरेज कमी पडलं की डेपो मॅनेजरसमोर उभं राहण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. "उतरताना टाकीत डिझेल वाढतंय," ते म्हणाले. "हे मी त्याला सांगितलं असतं तर त्याने मला डॉक्टरकडे पाठवलं असतं."

आणि मग त्यांनी खिडकीबाहेर डोंगराकडे बोट केलं. "हेच तर इथे आत चाललंय की."

खरंच होतं ते. कोयना नदी पूर्वेकडे कृष्णेला मिळायला निघालेली. तिचं पाणी धरणात अडवून बोगद्यांनी पश्चिमेला वळवलं, सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीच्या भूमिगत वीजघरावर सोडलं. १९६२ पासून हे चालू आहे. आज सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. वीज करून झाली की तेच पाणी वाशिष्ठीत पडून चिपळूणकडे जातं. आम्हीही तेच करत होतो: वरून खाली यायचं, येताना वीज करायची, पुढे चिपळूण. फरक एवढाच की कोयनेच्या पाण्याला वाटेत "आवाज द्या" म्हणणारं कुणी नाही.

घरी पोचलो. पूजेची माणसं जमलेली. स्वयंपाकघराच्या पंधरा अँपिअरच्या प्लगमधून वायर ओढून गाडी अंगणात चार्जिंगला लावली. त्यावर गावातल्या वायरमनपासून पूजा सांगायला आलेल्या गुरुजींपर्यंत सगळ्यांनी आपापलं मत दिलं. गुरुजींचं मत मिक्सर आणि गाडी एका वेळी लावू नये असं होतं. ते सर्वांत उपयुक्त ठरलं.

स्वयंचलित गाड्यांच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवलेल्या आहेत. आपल्याकडे मिळतात त्या फार तर दुसऱ्या पायरीच्या. पाचव्या पायरीवर माणूस लागणारच नाही म्हणे. मला नोकरी जायची भीती वाटत नाही. चालवायला नको असेल, पण बोलणी खायला कुणीतरी लागेलच, आणि संगणकाला "तुम्हाला सांगितलं होतं ना" असं म्हणण्यात कुणालाच मजा येणार नाही.

अंगणात अण्णांभोवती घोळका जमला होता. ठरलेले तीन प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारले जात होते आणि अण्णा तिन्हींची उत्तरं देत होते: ऐंशी टक्क्यांवर का थांबायचं, उतारावर पाय कसा सोडायचा, मोटार उलटी कशी चालते. एकाने विचारलं, "मग अण्णा, एकंदर गाडी कशी?"

"गाडी एक नंबर," अण्णा म्हणाले. "घाटात तर एसटीच्या शिस्तीनं उतरते. जावईबापूंना जरा सांगावं लागतं, एवढंच."